सामंत बाईंची मंडळी

सामंत बाईंच्या पर्समध्ये कंगवा, आरसा, पावडर असलं काही नसायचं. एक स्टीलचा चमचा असायचा, दांड्याशी जरा वाकलेला, आणि दोन-तीन रिकाम्या डब्या. आमच्या प्राचार्यांच्या मुलीचं लग्न माजिवड्याच्या एका हॉलमध्ये होतं. मंगलाष्टकं चालू, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि बाई दाराजवळच्या शोभेच्या कुंडीपाशी उकिडव्या बसून तिच्यातली माती चमच्याने उकरत होत्या. चमचा नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि मग नाराजीने माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देशमाने, ही माती नाही हो. नुसता नारळाचा भुसा आहे. इथे कोणी राहत नाही." नवरीकडचे पाहुणे बघत होते. ही बाई आपल्या ओळखीची नाही असा चेहरा करून मी तीन पावलं बाजूला सरकलो.

पण किती सरकणार? बाई कल्याणच्या ज्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायच्या त्याच कॉलेजात मी अकाउंट्स शिकवायचो. डोंबिवली पूर्वेला आम्ही एकाच सोसायटीत राहायचो, त्या माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर. स्कूटर माझी होती आणि बाईंना गाडी येत नव्हती. त्यामुळे मी त्यांचा सहकारी, शेजारी आणि ड्रायव्हर असा तिन्ही नात्यांनी बांधलेला होतो. बाई मूळ वेंगुर्ल्याच्या, शिक्षण पुण्यात, बोलणं अगदी स्वच्छ आणि ठाशीव. एकट्या राहायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलं सगळ्या शिक्षिकांना मॅडम म्हणायची, ह्यांना मात्र 'बाई'च म्हणावं लागे. मॅडम म्हटलं की त्या मागे वळून दुसरं कोणी आलंय का ते बघायच्या.

आता आमच्या दोघांच्या स्वभावाचं सांगतो. मी जन्माचा जंतूंना भ्यालेला माणूस. बाहेरून आलो की कोपरापर्यंत हात धुतो, भाजी मिठाच्या पाण्यातून काढतो, बायको त्यावरून मला मनसोक्त हसते. आणि बाई त्याच जंतूंना 'आमची मंडळी' म्हणायच्या. दह्यातली मंडळी, पोटातली मंडळी, गटारातली मंडळी. प्रयोगशाळेत एखाद्या बशीत काही उगवलं नाही तर "मंडळी रुसलीत" म्हणायच्या, आणि उगवलं की, "पंगत बसलीय, आता मध्ये बोलू नका." पहिल्या तासाला प्रत्येक मुलाच्या तळहातावर चिमूटभर माती ठेवायच्या आणि सांगायच्या, "जपून धरा. दिव्याच्या चाळीत नसेल इतकी दाट वस्ती तुमच्या हातात आहे. आणि तिथल्यासारखंच, सगळी कामाची माणसं आहेत." दिव्याहून येणारी मुलं खूश व्हायची.

स्टाफ रूमच्या फ्रीजमध्ये बाईंचा एक डबा असायचा. त्यावर नाव नव्हतं. आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा तो कारळ्याची चटणी समजून उघडला आणि भाकरीला लावून घास घेतला. तो औद्योगिक वसाहतीमागच्या नाल्याच्या काठचा गाळ होता. सर बेसिनकडे धावले. बाई आधी डब्याकडे धावल्या, किती सांडला ते बघायला, आणि मग सरांकडे. "काही होणार नाही तुम्हाला," त्यांनी सरांची पाठ थोपटत सांगितलं. "ही तेल खाणारी मंडळी आहेत. तुमच्यात त्यांना खाण्यासारखं काही नाही." सरांनी तीन दिवस रजा घेतली.

तेल खाणारी, ही मला थट्टाच वाटली होती. म्हणून बाईंनी मला एका दुपारी प्रयोगशाळेत नेलं. खिडकीत दोन काचेच्या बरण्या होत्या. दोन्हीत पाणी, तळाला त्याच नाल्याचा गाळ आणि वर काळ्या तेलाचा तवंग. एका बरणीतला गाळ त्यांनी आधी कुकरमध्ये शिजवून मारला होता. दुसरीतला जिवंत होता. "दोन्ही एकाच दिवशी भरल्यात," त्या म्हणाल्या. "रोज हलवायच्या, बाकी काही करायचं नाही. महिन्याने या."

मी गेलो. शिजवलेल्या गाळाच्या बरणीत तेल जसंच्या तसं होतं, काळं, चकचकीत, माझा चेहरा दिसेल असं. दुसऱ्या बरणीतला तवंग फाटला होता. त्याचे बारीक कण झाले होते, पाणी दुधट झालं होतं, आणि काचेच्या कडेला तेल जिथे चिकटलेलं असायला हवं तिथे मऊ, फिकट पापुद्रे लोंबत होते. मी कितीतरी वेळ वाकून बघत राहिलो. मला लहानपणी पहिल्यांदा दुर्बिणीतून चंद्र दाखवला होता तेव्हा छातीत जे झालं होतं ते पुन्हा झालं. काहीही न बोलणारं, न दिसणारं कोणीतरी त्या बरणीत बसून इंजिनाचं तेल खात होतं.

"हे शिकतात कुठे?" मी विचारलं.

"त्या काठावर वर्षानुवर्षं तेल झिरपतंय. ज्यांना ते पचलं नाही ते गेले. ज्यांना थोडं पचलं त्यांनी पोरंबाळं वाढवली." बाई बरणीकडे अशा बघत होत्या की मला उगाच आपण मध्ये आल्यासारखं वाटलं. "देशमाने, आपण घाण केली आणि हे जेवायला बसले. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना."

गणपतशेठ भोईर आमच्या आयुष्यात आले ते ह्या बरण्यांमुळे. त्यांची पुतणी बाईंच्या वर्गात होती. तिने घरी बरण्यांची गोष्ट सांगितली आणि एका रविवारी शेठ स्वतः सोसायटीत हजर झाले. भोईर हे शीळ रस्त्याच्या अलीकडच्या एका जुन्या गावचे. बापजाद्यांची भातशेती होती, आता तिच्यावर टॉवर उभे आहेत. एकच पट्टा शेठनी विकला नव्हता. त्यात ते घरापुरता भात लावायचे आणि नव्या तांदळाचा पहिला भात देवापुढे ठेवायचे. पट्ट्याला लागून कोणा परक्याचं गोडाऊन होतं. तिथून कोणीतरी पिंपंच्या पिंपं जळकं तेल आणि रंग पातळ करायचं औषध शेतात सोडून दिलं होतं. गोडाऊन रिकामं झालं, माणसं गेली, तेल राहिलं.

आम्ही स्कूटरवरून बघायला गेलो. जमीन डांबरासारखी काळी होती. तणसुद्धा नव्हतं. बाईंनी चमचा खुपसला, नाकाशी नेला आणि पहिल्यांदाच त्यांचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं.

"बाय, माती मेली," शेठ म्हणाले. "पोरगा बोलतंय भराव टाकू, वरशी काँक्रीट करू, टेम्पो उभे करू. मना सांगा, काय आशा हाय का? नसंल तं मी गप ऱ्हातू."

त्यांचा मुलगा नीलेश बाजूलाच होता. चांगला मुलगा, पण घाईचा. त्याचं म्हणणं, एवढ्या जमिनीचं काय कौतुक, अख्खं गाव गेलं तर हा तुकडा कशाला? शेठनी त्याच्याकडे पाठ केली होती. ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते. भराव एकदा पडला की त्याखालून शेत परत निघत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई बांधावरून हिंडल्या, चार ठिकाणी उकरलं, मग म्हणाल्या, "शेठ, मेलेली नाही. गुदमरलीय. मला दोन पावसाळे द्या. खात्री देत नाही."

मग जे सुरू झालं ते बघायला वैज्ञानिक काही वाटत नव्हतं. काळी माती खणून प्लास्टिकच्या जाड कागदावर पसरायची, म्हणजे विष खाली उतरायला नको. तीत भाताचा तूस, शेणखत आणि थोडा युरिया घालायचा. वर पाणी शिंपडायचं, चिखल होईल इतकं नाही, पिळून काढलेल्या फडक्याइतकं. आणि दर आठवड्याला फावड्याने वरखाली करायचं, कारण मंडळींना तेल खायचं तर हवा लागते. नाल्याच्या गाळाचा डबा बाईंनी स्वतः माझ्या स्कूटरवर मांडीत धरून आणला. शेठच्या बायकोने, हिराबाईंनी, तो डबा वाकून पाहिला आणि विचारलं, "यवरंसं कय पुरंल बाय, यवऱ्या शेताला?"

"तुम्ही दुधाला विरजण किती लावता?" बाईंनी विचारलं.

हिराबाई हसल्या. त्या दिवसापासून त्या ढिगाला विरजण म्हणायला लागल्या, आणि फावडं शेठच्या हातातून त्यांच्या हातात गेलं. पावसाळ्यात वर ताडपत्री बांधली, उघडीप मिळाली की काढली. बाई दर रविवारी जायच्या, म्हणजे मीही जायचो. बाईंनी माती हुंगायची आणि सांगायचं: "अजून पेट्रोल पंप आहे." महिन्याभराने: "गॅरेज." आणखी काही दिवसांनी: "जुनं गॅरेज." गणपतीनंतर एका रविवारी त्या थबकल्या, पुन्हा हुंगलं आणि म्हणाल्या, "आत कुठेतरी कोणीतरी स्वयंपाक करतंय." शेठनी मला डोळ्याने विचारलं, हे चांगलं की वाईट? मला काय माहीत?

नवरात्र आलं. भोईरांच्या घरी घट बसतो, आणि घटाभोवतीची माती नेहमी त्या पट्ट्यातली असायची. हिराबाईंनी मनाशी ठरवलं की यंदाही तिथलीच घ्यायची. पण ती माती नाल्याच्या गाळाची, शेणाची, घाण वासाची. देवाजवळ तशी कशी न्यायची? म्हणून बाळाला नहाण घालतात तसं त्यांनी मातीला नहाण घातलं. नगरपालिकेची माणसं गटारावर टाकतात ती ब्लीचिंग पावडर त्यांनी मिळवली, बादलीत कालवली आणि सबंध ढिगावर शिंपडली. नुसत्या घटापुरत्या मातीवर नाही. सगळंच शुद्ध होईल, देवीही प्रसन्न होईल आणि बाईंचं कामही लवकर होईल, असा त्यांचा हिशोब. मग त्यातली माती घेऊन घट बसवला, धान्य पेरलं.

धान्य उगवलं नाही. सातवी माळ झाली तरी माती काळी ती काळी. आजूबाजूच्या घरांतले घट हिरवेगार. हिराबाईंनी अन्न सोडलं. घरात कुजबूज सुरू झाली, की देवीनेच कौल दिला, ही जमीन आता सोडा. नीलेशने भरावाच्या डंपरवाल्याला फोन लावला, आणि ह्या वेळी शेठनी त्याला अडवलं नाही. त्यांनी फक्त बाईंना निरोप पाठवला, की आता येऊ नका, तुमचे उपकार झाले.

अर्थातच आम्ही गेलो. बाईंनी चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, देवघरासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि हिराबाईंना विचारून घटाच्या कडेची चिमूटभर माती उचलली. हुंगली. मला वाटलं, आता बाई चिडणार. इतक्या महिन्यांचं काम बादलीभर पावडरीने मारलेलं. मी असतो तर चिडलो असतो. बाईंनी वळून हिराबाईंचा हात धरला.

"ब्लीचिंग घातलंत?"

हिराबाईंनी मान हलवली. "सवळ्यात घेवाची माती बाय. शुद्ध नको?"

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला हवा सांगितली, पाणी सांगितलं, शेण सांगितलं. तिथे कोण राहतं ते कधी नीट सांगितलंच नाही. हिराताई, ती पावडर जंतू मारायची. आपलं शेत साफ करणारे तेच होते."

हिराबाईंना ते समजायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी घटाकडे पाहिलं. "म्या मारली ती?" त्यांनी विचारलं. "सगली?" आणि त्या ज्या रडायला लागल्या, ते घरातल्या माणसासाठी रडतात तसं. मला आजही तो आवाज आठवतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी कोणी माणूस रडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"ते आपण बघून ठरवू," बाई उठल्या. "देवीने कौल दिलाय तो जमीन सोडण्याचा नाही. तिने पावडर ओळखली, एवढंच."

ढिगावर जाऊन त्यांनी नीलेशलाच खणायला लावलं. वरचा थर क्लोरीनने भणभणत होता. वीतभर खाली तो वास कमी झाला. आणखी खाली बाईंनी हात घातला आणि तसाच ठेवला, तापलेल्या पोरीच्या पोटावर ठेवावा तसा. मग नीलेशला म्हणाल्या, "घाल हात." त्याने घातला.

"गरम हाय," तो म्हणाला.

"का आहे?"

त्याने हात आणखी आत सारला.

"जेवतायत," बाई म्हणाल्या. "एवढ्या जणांची पंगत बसली की ऊब येणारच. पावडर वरच्यांनी अंगावर घेतली. खाली पोहोचेपर्यंत तिचा जोर संपला."

मीही हात घातला. हो, मी. त्या काळ्या, बुळबुळीत, वास मारणाऱ्या ढिगात कोपरापर्यंत. आत खरोखरच ऊब होती. आश्चर्य वाटायचं माझं वय उलटून गेलं होतं, पण अंगावर काटा आला. नीलेशने डंपरवाल्याला पुन्हा फोन केला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं.

त्या पुढच्या वर्षी कोरोना आला. शीळ रस्त्यावर बॅरिकेड्स, आमच्या सोसायटीला कुलूप. बाईंना सुरुवातीलाच झाला. बऱ्याच दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आल्या त्या निम्म्या होऊन. पट्ट्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं, एकट्या हिराबाई सोडून. रोज संध्याकाळी बाईंचा फोन त्यांना लागायचा आणि खिडकीतून मला अर्धा संवाद ऐकू यायचा. "उलटलंत का? पाणी? किती? नाही, पिळलेलं फडकं, हिराताई, पिळलेलं. बरं. मंडळी काय म्हणतायत?" त्यावर पलीकडून बरंच काही सांगितलं जायचं, कारण बाई खूप वेळ गप्प बसून ऐकत असायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी हिराबाईंना सांगितली नाही. मला सांगितली, तीही मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा, चहाचा कप नाकाशी धरून. "देशमाने, मला वास येत नाही. कशाचाच नाही." मी म्हटलं, येईल, सगळ्यांना परत येतोय. त्यांना आला नाही. डॉक्टर बदलले, महिने गेले. बाई पुन्हा कॉलेजात यायला लागल्या, चमचा पर्समध्ये परतला, पण चमचा नाकाशी जायचा तो सवयीने. मला ते बघवायचं नाही. आपल्या कामात ज्याच्यावर विसंबलो तेच गेल्यावर ह्या बाईंनी कुरकुर कशी केली नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही.

दुसरा पावसाळा संपला. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या प्रयोगशाळेत माती तपासली. तेल जवळजवळ गेलं होतं. पण जळक्या तेलातून शिसं आणि आणखी काही धातू आले होते, ते होते तिथेच होते. धातू कोणी खात नाही, मंडळीसुद्धा नाहीत. हे सांगायला आम्ही शेतावर गेलो. ही त्यांची तिथली शेवटची खेप ठरली. त्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसांनी पुन्हा दगा दिला, आणि त्या गेल्या.

पण त्या दिवशी ऊन छान होतं. भोईर कुटुंब बांधावर वाट बघत उभं होतं. रस्त्याच्या कडेला खडीने भरलेला एक डंपर थांबला होता. नीलेश शब्दाचा पक्का. दोन पावसाळे दिले होते, ते झाले होते.

बाईंनी काही लपवलं नाही. "भात लावता येणार नाही, शेठ. कदाचित तुमच्या नातवंडांनाही नाही. खायचं काहीच लावायचं नाही इथे. फुलं लावा. झेंडू लावा. मी म्हटलं होतं खात्री नाही, तसंच झालं. अर्धंच झालं."

शेठ खाली बघत राहिले. नीलेश हळू आवाजात म्हणाला, "मंग बाय, उपेग काय झाला?" त्यात टोचणं नव्हतं. त्याला खरंच विचारायचं होतं.  बाईंना असं मी कधी पाहिलं नव्हतं, दोन्ही हात रिकामे लोंबत होते.

मग त्या वाकल्या आणि ओंजळभर माती उचलली. ती हिराबाईंपुढे धरली. "ताई, मला येत नाही. आजारपणात गेला माझा वास. तुम्ही सांगा, कसला येतोय?"

हिराबाईंनी आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. इतके महिने रोज फोनवर बोलूनही त्यांना हे माहीत नव्हतं. मग त्यांनी ओंजळीत नाक घातलं.

"मातीचा," त्या म्हणाल्या.

"तेलाचा?"

"नाय."

"औषधाचा? शेणाचा?"

"नाय बाय. मातीचा."

"म्हणजे कसा, ते सांगा ना," बाई म्हणाल्या, आणि ओंजळ आणखी पुढे केली.

हिराबाई गडबडल्या. त्यांनी पुन्हा हुंगलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि हताश होऊन म्हणाल्या, "आता मातीचा वास कसा सांगू? मातीसारका हाय. आमचे शेतासारका."

शेठ पुढे आले, त्यांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. नीलेशने हुंगलं. तो बांधावरून उतरला, रस्त्यापर्यंत चालत गेला आणि डंपरवाल्याशी बोलला. डंपर खडीसकट मागे गेला, आधी उलटा, मग वळून.

बाई बांधावर बसल्या. त्यांना त्या मातीचा वास येत नव्हता, हे तिथे आता सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या कितीतरी वेळ ती ओंजळ नाकाशी धरून बसल्या होत्या.